सॉफ्टवेअर विकसनाचे विद्यापीठीय शिक्षण

संगणकाला द्यावयाच्या सूचनांच्या क्रमबद्ध संचाला आज्ञावली किंवा प्रोग्रॅम म्हणतात. आज्ञावली, तिच्याविषयीची कागदपत्रे, तिच्या चाचण्या आणि ती चालविण्यासाठी लागणारी इतर माहिती या सर्वांना मिळून सॉफ्टवेअर ही संज्ञा लावतात. एखादी छोटी आज्ञावली एकट्याने लिहिणे आणि मोठे सॉफ्टवेअर अनेकांनी मिळून तयार करणे व पुढे वर्षानुवर्षे चालू ठेवणे, ही दोन भिन्न प्रकारची कामे आहेत. पहिले काम विद्यापीठांतून १९५० च्या दशकापासून शिकविले जात आहे. दुसरे कसे शिकवावे हा प्रश्न १९६८ नंतर प्रकर्षाने पुढे आला आणि त्याचे पूर्णपणे समाधानकारक उत्तर अद्यापि मिळालेले नाही.

या अडचणीचे मूळ विषयाच्या काठिण्यापेक्षा विद्यापीठांच्या रचनेत अधिक आहे. विद्यापीठातील काम एका सत्राचे असते, परीक्षा एकेका विद्यार्थ्याची होते आणि उत्तरपत्रिका तपासून झाली की तिचे प्रयोजन संपते. उलट सॉफ्टवेअर अनेकांच्या हातून घडते, मूळ लेखक काम सोडून गेल्यावरही वापरात राहते आणि त्यावरील खर्चाचा मोठा भाग ते प्रथम तयार झाल्यानंतरच्या दुरुस्त्यांवर व फेरबदलांवर होतो. ही विसंगती दूर करण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांचा इतिहास म्हणजेच या शिक्षणाचा इतिहास होय.

आरंभीचा काळ : इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात तयार करण्यात आलेल्या एडसॅक या संगणकावर ६ मे १९४९ रोजी पहिली आज्ञावली चालली. मॉरिस विल्क्स (१९१३–२०१०), डेव्हिड व्हीलर (१९२७–२००४) व स्टॅन्ली गिल (१९२६–७५) यांनी तेथील अनुभवावरून आज्ञावली-लेखनावर लिहिलेला ग्रंथ १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला. वारंवार लागणाऱ्या गणनांसाठी तपासून ठेवलेल्या उपआज्ञावलींचा संग्रह हे त्या पद्धतीचे वैशिष्ट्य होते. एकाने लिहिलेला भाग दुसऱ्याने विश्वासाने वापरावयाचा, ही कल्पना त्यात बीजरूपाने होती. केंब्रिजमध्येच १९५३ मध्ये संख्यात्मक विश्लेषण व स्वयंचलित गणन या विषयांचा एक वर्षाचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम सुरू झाला. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील पर्ड्यू विद्यापीठात १९६२ मध्ये संगणकशास्त्राचा स्वतंत्र विभाग स्थापन झाला.

या काळात विद्यार्थी आपली आज्ञावली छिद्रित पत्रांवर उतरवून संगणक-केंद्रात देत असे आणि निष्पत्तीचा छापील कागद त्याला काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी मिळे. विद्यार्थिसंख्या वाढू लागताच तपासणीचे काम जड होऊ लागले. न्यूयॉर्क राज्यातील रेन्ससेलर पॉलिटेक्निक संस्थेतील जॅक हॉलिंग्जवर्थ यांनी विद्यार्थ्यांच्या आज्ञावली संगणकाकडूनच तपासून घेण्याच्या पद्धतीचे वर्णन १९६० मध्ये प्रसिद्ध केले. ही सोय उपयुक्त होती. परंतु तिच्याबरोबर एक मर्यादाही आली. निष्पत्ती बरोबर असली की काम पूर्ण झाले, अशी समजूत शिक्षणात रूढ झाली. आज्ञावली दुसऱ्याला वाचता येते काय, उद्या तिच्यात बदल करता येईल काय, हे प्रश्न परीक्षेच्या कक्षेबाहेर राहिले.

गार्मिश परिषद : १९६० च्या दशकात संगणकांची क्षमता झपाट्याने वाढली व त्यांच्याकडून अपेक्षिलेली कामेही तितकीच मोठी झाली. आयबीएम कंपनीच्या सिस्टिम/३६० या संगणक-मालिकेसाठी आखलेल्या ओएस/३६० या प्रचालन प्रणालीला लागलेला विलंब व तिच्यातील दोष हे या अडचणीचे ठळक उदाहरण होय. मोठ्या प्रकल्पांना विलंब होतो, त्यांचा खर्च अंदाजाबाहेर जातो आणि तयार झालेल्या प्रणालीत दोष राहतात, हा अनुभव सार्वत्रिक झाल्यावर नाटो संघटनेच्या विज्ञान समितीने ७ ते ११ ऑक्टोबर १९६८ या काळात जर्मनीतील गार्मिश येथे एक परिषद भरविली. अकरा देशांतील सु. पन्नास तज्ञ तीस उपस्थित होते. फ्रीड्रिख बाउअर (१९२४–२०१५) हे तिचे अध्यक्ष होते आणि पीटर नाउर (१९२८–२०१६) व ब्रायन रँडेल यांनी तिचा अहवाल संपादित केला. परिषदेसाठी योजलेले ‘सॉफ्टवेअर अभियांत्रिकी’ हे नाव मुद्दाम डिवचण्याच्या हेतूने निवडले होते. पूल बांधणाऱ्या अभियंत्याप्रमाणे आपण सिद्धांताच्या व शिस्तीच्या आधारावर काम करतो काय, असा प्रश्न त्यात अभिप्रेत होता. या कामासाठी लागणारी माणसे कशी शिकवावीत, यावरही तेथे चर्चा झाली.

त्याच वर्षी अमेरिकेतील असोसिएशन फॉर कंप्यूटिंग मशिनरी (एसीएम) या संस्थेने संगणकशास्त्राचा आदर्श अभ्यासक्रम प्रसिद्ध केला. पुष्कळ विद्यापीठांनी आपले अभ्यासक्रम त्याच्या आधारे आखले. गणित, माहितीच्या संरचना, भाषांतरक आज्ञावली इ. विषयांना त्यात महत्त्वाचे स्थान होते. मोठे सॉफ्टवेअर गटाने तयार करण्याच्या पद्धतींना मात्र स्वतंत्र विषयाचे स्थान नव्हते. विद्यापीठातील संगणकशास्त्र आणि उद्योगातील सॉफ्टवेअर यांच्यातील अंतराची तक्रार या सुमारास सुरू झाली. एसीएमच्या १९७८ च्या सुधारित अभ्यासक्रमात सॉफ्टवेअरचा आराखडा व विकसन या विषयाचा समावेश करण्यात आला.

शिस्त आणि विभागणी : पुढील काही वर्षांत दोन विचारप्रवाहांनी या शिक्षणाला आकार दिला. पहिला प्रवाह आज्ञावलीच्या अंतर्गत शिस्तीचा होता. नेदर्लंड्समधील एट्सखर डाइक्स्ट्रा (१९३०–२००२) यांनी १९६८ मध्ये आज्ञावलीत मनमानेल तेथे उडी घेण्याच्या सूचनेवर टीका केली आणि संरचित आज्ञावली-लेखनाचा पुरस्कार केला. स्वित्झर्लंडमधील निक्लाउस व्हिर्ट (१९३४–२०२४) यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेली पास्कल ही भाषा याच विचारांवर आधारलेली होती. ती प्रामुख्याने शिकविण्याच्या सोयीसाठी तयार केलेली असून पुढील दोन दशके जगभरच्या विद्यापीठांत प्रचारात होती.

दुसरा प्रवाह कामाच्या विभागणीचा होता. डेव्हिड पार्नास (१९४१–  ) यांनी पिट्सबर्ग येथील कार्नेगी-मेलन विद्यापीठातील आपल्या वर्गात एक प्रयोग केला. एका प्रणालीचे भाग पाडून प्रत्येक भागाचे बाह्य वर्तन त्यांनी काटेकोरपणे लिहून दिले आणि ते भाग निरनिराळ्या विद्यार्थ्यांकडून स्वतंत्रपणे लिहवून घेतले. नंतर एकाच भागाच्या वेगवेगळ्या आवृत्त्या अदलून बदलून जोडल्या तरी प्रणाली चालते की नाही, हे पाहण्यात आले. या अनुभवाचे निष्कर्ष १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले. बदलण्याचा संभव असलेला प्रत्येक निर्णय एकेका भागात झाकून ठेवावा, हे तत्त्व पार्नास यांनी त्याच वर्षी मांडले. आज ते या विषयाचे मूलतत्त्व मानले जाते.

ओएस/३६० च्या विकसनाचे नेतृत्व केलेले फ्रेडरिक ब्रुक्स (१९३१–२०२२) यांनी १९६४ मध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात संगणकशास्त्राचा विभाग स्थापन केला. त्यांचा ‘द मिथिकल मॅन-मंथ’ हा ग्रंथ १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला. रखडलेल्या प्रकल्पावर अधिक माणसे नेमल्यास तो आणखी रखडतो, हा त्यातील निष्कर्ष ‘ब्रुक्स यांचा नियम’ म्हणून ओळखला जातो. नव्या माणसांना काम समजावून देण्यात जुन्यांचा वेळ जातो आणि परस्पर-संपर्काचे मार्ग माणसांच्या संख्येपेक्षा अधिक वेगाने वाढतात, हे त्याचे कारण होय. एकट्याने आज्ञावली लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला हा नियम पाठ करता येतो. पण त्याचा प्रत्यय गटात काम केल्यावाचून येत नाही.

प्रकल्पाधारित अध्यापन : हा प्रत्यय देण्यासाठी गटाने करावयाचा प्रकल्प अभ्यासक्रमात आला. टोराँटो विद्यापीठातील जेम्स हॉर्निंग व डेव्हिड वॉर्टमन यांनी १९७७ मध्ये वर्णिलेली ‘सॉफ्टवेअर हट’ ही योजना यांपैकी विशेष उल्लेखनीय आहे. तीत विद्यार्थ्यांचे छोटे गट व्यापारी पेढ्यांप्रमाणे काम करीत. प्रत्येक गट प्रणालीचा एक भाग तयार करी, तो इतर गटांना विकी व स्वतःला लागणारे भाग त्यांच्याकडून विकत घेई. त्यानंतर विकत घेतलेल्या, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या, मजकुरात फेरबदल करण्याचे काम गटाकडे येई. अव्यवस्थित लिहिलेल्या आज्ञावलीची किंमत येथे शिक्षकाच्या शेऱ्यातून न कळता खरेदीदार गटाच्या अडचणीतून कळत असे.

अशा योजना अपवादात्मक राहिल्या. विन्स्टन रॉइस यांनी १९७० मध्ये वर्णिलेला टप्प्याटप्प्यांचा क्रम (गरजांचे संकलन, आराखडा, लेखन, चाचणी व वापर) पाठ्यपुस्तकांत रूढ झाला. हा क्रम एकदाच व सरळ रेषेत पार पाडणे धोक्याचे आहे, असे रॉइस यांनी त्याच निबंधात म्हटले होते. परंतु शिकविण्यास व प्रश्न विचारण्यास सोयीची अशी आकृतीच तेवढी टिकून राहिली. परिणामी प्रकल्पाची कागदपत्रे पुष्कळदा काम संपल्यावर, सादरीकरणाच्या आदल्या आठवड्यात तयार होऊ लागली.

स्वतंत्र पदव्यांची सुरुवातही याच सुमारास झाली. सिअ‍ॅटल विद्यापीठात सॉफ्टवेअर अभियांत्रिकीचा पदव्युत्तर अभ्यासक्रम १९७९ मध्ये सुरू झाला. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या साहाय्याने कार्नेगी-मेलन विद्यापीठात १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सॉफ्टवेअर अभियांत्रिकी संस्थेने अध्यापन-साहित्य तयार करण्याचे कार्यही हाती घेतले. तेथील वॉट्स हंफ्री (१९२७–२०१०) यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या पद्धतीत विद्यार्थी आपला वेळ व आपल्या हातून झालेले दोष यांची नोंद ठेवतो व त्यावरून स्वतःच्या कामाचा अंदाज बांधण्यास शिकतो. रॉचेस्टर तंत्रविद्या संस्थेने १९९६ मध्ये अमेरिकेतील या विषयाचा पहिला पदवी अभ्यासक्रम सुरू केला. आयईईई कंप्यूटर सोसायटी व एसीएम या संस्थांनी पदवी शिक्षणासाठी संयुक्त मार्गदर्शक अभ्यासक्रम २००४ मध्ये प्रसिद्ध केला आणि २०१४ मध्ये तो सुधारला.

अपघातांचे धडे : हा प्रश्न केवळ नोकरीसाठी लागणाऱ्या कौशल्याचा नाही, हे काही दुर्घटनांनी दाखवून दिले. थेरॅक-२५ या प्रारणोपचार यंत्राने १९८५ ते १९८७ या काळात कॅनडा व अमेरिका येथील सहा रुग्णांना प्रारणाची अतिमात्रा दिली आणि त्यांपैकी काही मृत्यू पावले. या यंत्राच्या सॉफ्टवेअरचा काही भाग आधीच्या यंत्रावरून घेतला होता. आधीच्या यंत्रात सुरक्षेसाठी विद्युत्-यांत्रिक अडसर होते. त्यामुळे सॉफ्टवेअरमधील दोष झाकला गेला होता. नव्या यंत्रात ते अडसर काढून टाकल्यावर तो उघड झाला. यूरोपीय अवकाश संघटनेचे एरियान-५ हे अग्निबाण ४ जून १९९६ रोजी पहिल्याच उड्डाणात सु. ४० सेकंदांत नष्ट झाले. त्यातील दिशादर्शक यंत्रणेचा भाग एरियान-४ वरून जसाच्या तसा घेतला होता. नव्या अग्निबाणाच्या अधिक वेगामुळे एक संख्या तिच्यासाठी राखलेल्या १६ बिटांच्या जागेत मावली नाही व यंत्रणा बंद पडली.

ही दोन्ही उदाहरणे आता पाठ्यपुस्तकांत नेहमी आढळतात. दोन्हींत समान असलेली एक गोष्ट मात्र ध्यानात घेण्याजोगी आहे. ज्या मजकुराने घात केला, तो जुना होता व पूर्वी विनातक्रार चाललेला होता. विद्यार्थी मात्र प्रत्येक सत्रात कोऱ्या पानापासून आरंभ करतो. दुसऱ्याचा मजकूर वाचणे, त्यामागील गृहीते शोधणे आणि तो न बिघडवता बदलणे या कामाचा सराव बहुतेक अभ्यासक्रमांत होत नव्हता.

आधुनिक पद्धतींचा प्रवेश : सध्याच्या पद्धतींपैकी काहींचा उगम विद्यापीठांतच झाला. सॉफ्टवेअरच्या मजकुरातील प्रत्येक बदल कोणी, केव्हा व का केला याची नोंद ठेवण्याच्या आवृत्ती-नियंत्रण प्रणाली १९७० च्या दशकात प्रथम बेल प्रयोगशाळेत तयार झाल्या. पर्ड्यू विद्यापीठातील वॉल्टर टिची यांची आरसीएस ही प्रणाली १९८० च्या दशकाच्या आरंभीची. ॲम्स्टरडॅम येथील व्रिये विद्यापीठातील डिक ग्रुने हे आपल्या दोन विद्यार्थ्यांसह एक भाषांतरक आज्ञावली तयार करीत असता तिघांच्या कामाच्या वेळा जुळत नसत. तिघांनाही एकाच मजकुरावर एकमेकांची वाट न पाहता काम करता यावे म्हणून ग्रुने यांनी तयार केलेली सीव्हीएस ही प्रणाली १९८६ मध्ये सर्वांना उपलब्ध झाली आणि पुढे दीर्घकाळ जगभर वापरात राहिली. लिनस टॉरव्हॉल्ड्स यांनी २००५ मध्ये तयार केलेल्या गिट या प्रणालीने तिची व तशा इतर प्रणालींची जागा घेतली. आवृत्ती-नियंत्रणामुळे अध्यापकाला एक नवे साधन मिळाले. गटातील कोणी कोणता भाग केव्हा लिहिला आणि काम सत्रभर चालले की अखेरच्या रात्री उरकले, हे नोंदींवरून दिसू लागले. अर्थात केवळ नोंदींची संख्या मोजून गुण दिल्यास नोंदी वाढतात, काम वाढत नाही. म्हणून या साधनाचा उपयोग विवेकाने करावा लागतो.

केंट बेक यांनी १९९९ मध्ये पुरस्कारलेली ‘एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग’ ही पद्धत आणि फेब्रुवारी २००१ मध्ये यूटा राज्यातील स्नोबर्ड येथे १७ व्यावसायिकांनी प्रसिद्ध केलेला ‘अजाइल’ जाहीरनामा यांनी कामाचे स्वरूप बदलले. थोडे काम करून ग्राहकास दाखविणे, त्याच्या प्रतिसादानुसार पुढील काम ठरविणे, चाचण्या आधी लिहिणे व दोघांनी एका संगणकापुढे बसून काम करणे ही या पद्धतींची काही अंगे होत. यूटा विद्यापीठात १९९९ मध्ये लॉरी विल्यम्स यांनी केलेल्या प्रयोगात जोडीने काम करणाऱ्या विद्यार्थ्यांना एकूण सु. १५ टक्के अधिक मनुष्यवेळ लागला. मात्र त्यांच्या आज्ञावलींत दोष कमी आढळले. व्हर्जिनिया टेक विद्यापीठात स्टीव्हन एडवर्ड्स यांनी विद्यार्थ्याची आज्ञावली व तिच्यासाठी त्याने स्वतः लिहिलेल्या चाचण्या या दोहोंना गुण देण्याची व्यवस्था केली. हॉलिंग्जवर्थ यांच्या पद्धतीत केवळ शिक्षकच चाचणी घेत असे. आता आपले काम बरोबर आहे हे दाखविण्याची जबाबदारी विद्यार्थ्यावर आली.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतील आर्मांडो फॉक्स व डेव्हिड पॅटर्सन यांनी २०१२ मध्ये उद्योगाच्या तक्रारींची दखल घेऊन मांडणी केली. जुना मजकूर हाताळणे, चाचणी घेणे व तांत्रिक ज्ञान नसलेल्या ग्राहकाशी बोलून त्याची गरज समजून घेणे या गोष्टी नव्या पदवीधरांना येत नाहीत, अशा त्या तक्रारी होत्या. बर्कली येथील अभ्यासक्रमात विद्यार्थ्यांचे गट सेवाभावी व तत्सम संस्थांसाठी खरे सॉफ्टवेअर तयार करतात. ग्राहक खरा असल्याने त्याच्या गरजा सत्राच्या मध्यावर बदलतात आणि हा बदल हाच धड्याचा भाग ठरतो.

भारतातील स्थिती : मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टीआयएफआरएसी हा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. कानपूरच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेत १९६३ मध्ये आयबीएम १६२० हा संगणक बसविण्यात आला व तेथे विद्यार्थ्यांना आज्ञावली-लेखन शिकविले जाऊ लागले. टाटा संस्थेत १९७० च्या दशकात सुरू झालेल्या सॉफ्टवेअर विकसन केंद्राचे १९८५ मध्ये राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रविद्या केंद्रात रूपांतर झाले. मुंबईतील या केंद्राचे पदविका अभ्यासक्रम व्यावसायिक सॉफ्टवेअर शिक्षणात मान्यता पावले होते. पुणे येथे १९८८ मध्ये स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्रानेही (सी-डॅक) पदविका अभ्यासक्रम चालविले. पुढे मुंबईचे केंद्र सी-डॅकमध्ये विलीन झाले. विद्यापीठीय पदवी आणि प्रत्यक्ष काम यांमधील अंतर भरून काढणाऱ्या अशा पदविकांची गरज भासावी, ही गोष्टच पदवी शिक्षणातील उणीव सूचित करते. भारतीय विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या ग्रंथांत पंकज जलोटे यांचे १९९१ मधील पाठ्यपुस्तक महत्त्वाचे आहे. एकाच प्रकल्पाचे उदाहरण आरंभापासून अखेरपर्यंत चालविणे, हे त्याचे वैशिष्ट्य होय.

महाराष्ट्रासह बहुतेक राज्यांत अभियांत्रिकी महाविद्यालये मोठ्या विद्यापीठांशी संलग्न असून त्यांचा अभ्यासक्रम व लेखी परीक्षा समान असतात. हजारो उत्तरपत्रिका एकाच मापाने तपासावयाच्या असल्याने विकसनाच्या टप्प्यांची नावे, आकृत्या व व्याख्या यांवरील प्रश्न सोयीचे ठरतात. प्रात्यक्षिकांचे जर्नल, सत्रकार्याचे गुण, तोंडी परीक्षा आणि अंतिम वर्षाचा प्रकल्प या अंगांत प्रत्यक्ष कामाला वाव आहे. पण तो कितपत वापरला जातो, हे अध्यापकाचा स्वतःचा अनुभव व त्याला मिळणारा वेळ यांवर अवलंबून राहते. मुंबई येथील भारतीय तंत्रविद्या संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने मुक्त सॉफ्टवेअरचे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध केले असून, इंग्रजीच्या अडचणीमुळे मागे राहणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यांचा उपयोग होतो. मुक्त सॉफ्टवेअरचा मजकूर कोणालाही वाचता व सुधारता येत असल्याने, दुसऱ्याने लिहिलेली मोठी प्रणाली हाताळण्याची संधी आता लहान गावातील महाविद्यालयालाही मिळू शकते.

नवा प्रश्न : साध्या भाषेत दिलेल्या वर्णनावरून आज्ञावली लिहून देणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांचा प्रसार २०२१ नंतर झाला. गिटहब कोपायलट हे साधन २०२१ मध्ये व चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये उपलब्ध झाले. त्यामुळे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला दिली जाणारी बहुतेक उदाहरणे ही साधने क्षणार्धात सोडवू शकतात आणि तयार आज्ञावली हा विद्यार्थ्याच्या आकलनाचा पुरावा म्हणून स्वीकारणे कठीण झाले आहे.

या संदर्भात पीटर नाउर यांनी १९८५ मध्ये मांडलेला विचार उद्‌बोधक ठरतो. आज्ञावलीचा लिहिलेला मजकूर हे विकसनाचे मुख्य फलित नसून, ती तशी का आहे व तिच्यात बदल कसा करावा याविषयी विकसकांच्या मनात तयार झालेली उपपत्ती हे खरे फलित होय, असे त्यांचे प्रतिपादन आहे. ती माणसे पांगली की मजकूर शिल्लक राहूनही आज्ञावली निर्जीव होते. या दृष्टीने पाहता तयार मजकूर हा आकलनाचा पुरावा म्हणून पूर्वीही अपुराच होता. नव्या साधनांनी ते लपविणे अशक्य केले, इतकेच. त्यामुळे आपल्या कामाचे तोंडी समर्थन करणे, त्यात ऐन वेळी सुचविलेला बदल करून दाखविणे, सहकाऱ्याच्या मजकुराचे परीक्षण करणे व मागील वर्षीच्या विद्यार्थ्यांची प्रणाली पुढे नेणे या रीतींचे महत्त्व वाढले आहे. त्यांना अध्यापकाचा वेळ पुष्कळ लागतो आणि मोठ्या वर्गांत त्या अमलात आणणे अवघड असते. तथापि पार्नास यांच्या वर्गात व टोराँटो येथील पेढ्यांत जे साधले होते ते हेच. स्वतःचे काम दुसऱ्याच्या हाती सोपवावे लागणे आणि दुसऱ्याचे काम स्वतःच्या हाती येणे, या अनुभवास पर्याय अद्याप सापडलेला नाही.